मदत खात्यावर, यादी कुठे?

मार्च 2020 च्या अखेरीस, कोरोनाच्या टाळेबंदीत, पुण्यातील स्वारगेटचे एसटी स्थानक ओस पडले. भोर, सातारा, बारामती, सांगली-कोल्हापूरकडच्या गाड्या थांबल्या. पाठोपाठ जवळच्या गुलटेकडीतील मार्केट यार्डाची आवक तुटत गेली, आणि एप्रिलमध्ये तिथला फळे-भाजीपाल्याचा बाजारच बंद झाला. तो मेअखेर उघडला. पुरंदरच्या अंजिराचा मीठा बहार नेमका याच दिवसांत तोडणीला येतो. अंजीर पिकले की झाडावर राहत नाही आणि तोडल्यावर टिकत नाही. काही शेतकरी गटांनी पुण्याच्या सोसायट्यांच्या फाटकापर्यंत माल पोहोचवला. मार्केट यार्डातच मुख्यालय असलेल्या राज्य कृषी पणन मंडळाने आणि कृषी विभागाने थेट विक्रीला हातभार लावला. पण यार्डात रोज उतरणाऱ्या मालाच्या मानाने ही सोय तोकडीच होती. ज्यांचा माल शेतातच गेला, त्यांच्यासाठी प्रश्न उरला तो सरकारी मदतीचा: किती मिळणार, कुणाला मिळणार आणि मिळाली की नाही हे कळणार कसे?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे घोषणांमधून मिळत गेली. तिसऱ्याचे उत्तर अजूनही अर्धवट आहे. महामारीच्या काळात आणि त्यानंतर महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या नावे जो पैसा निघाला त्याचा माग काढला, तर एक गोष्ट वारंवार दिसते. गावातल्या लोकांना यादी दिसली तिथे चूक वेळेवर सापडली. यादी कार्यालयाच्या संगणकात राहिली तिथे चूक वर्षांनंतर, आणि तीही चौकशीतून बाहेर आली.

सुरुवात केंद्राच्या मदतीपासून. टाळेबंदी लागू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, 26 मार्च 2020 रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी 1 लाख 70 हजार कोटींचे गरीब कल्याण पॅकेज जाहीर केले. त्यात शेतकऱ्यांसाठी ठळक तरतूद होती पीएम-किसानच्या 2,000 रुपयांची, सुमारे 8 कोटी 70 लाख खात्यांवर. वर्षाला 6,000 रुपयांची ही योजना फेब्रुवारी 2019 मध्येच सुरू झाली होती, आणि 2020-21 चा पहिला हप्ता तसाही यायचाच होता. तो एप्रिलच्या सुरुवातीलाच दिला गेला. हातात रोकड नसताना तो लवकर आला, हे मोलाचेच. पण मदतीचा हिशेब मांडताना लवकर दिलेला जुना पैसा आणि नवा पैसा वेगळे मांडले पाहिजेत. पॅकेजच्या एकूण आकड्यात हा फरक दिसत नव्हता.

राज्याच्या पातळीवर चित्र जास्त गुंतागुंतीचे होते. डिसेंबर 2019 च्या नागपूर अधिवेशनात जाहीर झालेली महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना टाळेबंदीच्या वेळी अर्ध्यावर होती. 2017 च्या कर्जमाफीचा अनुभव ताजा होता. तेव्हा शेतकऱ्यांकडून लांबलचक ऑनलाइन अर्ज भरून घेतले गेले, पहिल्या याद्यांत एकाच आधार क्रमांकावर अनेक नावे निघाली आणि वाटप रखडले. म्हणून 2019 च्या योजनेत अर्जच ठेवला नाही. माहिती बँकांकडून घेतली, याद्या ग्रामपंचायतीत, बँकेत आणि आपले सरकार सेवा केंद्रावर लावल्या. शेतकऱ्याने यादीतला क्रमांक घेऊन केंद्रावर जायचे, अंगठा द्यायचा, पडद्यावरची रक्कम मान्य असेल तर तसे सांगायचे आणि नसेल तर तक्रार नोंदवायची. ती तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जाई. 24 फेब्रुवारी 2020 ची पहिली यादी मुद्दाम छोटी होती: 68 गावे, 15,358 खाती. चुका किती निघतात ते पाहून आठवडाभरातच जवळपास 22 लाख खात्यांची दुसरी यादी आली.

मग मार्च आला. सेवा केंद्रे बंद, अंगठा देण्याच्या यंत्रावर संसर्गाची भीती, तिजोरीत खडखडाट. सुमारे 11 लाख शेतकरी यादीत असूनही थकबाकीदारच राहिले आणि त्यामुळे खरिपाच्या नव्या पीककर्जाला अपात्र ठरत होते. 22 मे 2020 च्या शासन निर्णयाने बँकांना सांगितले की, ही थकबाकी ‘शासनाकडून येणे’ दाखवा आणि नवे कर्ज द्या. हा तोडगा निघू शकला, कारण कोण राहिले आणि त्यांची रक्कम किती, हे नावानिशी ठरलेले होते. नियमित कर्ज फेडणाऱ्यांना 50 हजारांपर्यंत प्रोत्साहन देण्याचा शब्द मात्र मागे पडला. मार्च 2020 च्या अर्थसंकल्पातली ही रक्कम खात्यांवर येऊ लागली ती ऑक्टोबर 2022 पासून.

दुधाची गोष्ट वेगळी झाली. हॉटेले, चहाच्या टपऱ्या, मिठाईची दुकाने बंद पडली आणि दूध अंगावर आले. राज्य सरकारने एप्रिल 2020 पासून राज्य सहकारी दूध महासंघामार्फत दिवसाला 10 लाख लिटर दूध लिटरमागे 25 रुपयांनी घेऊन त्याची भुकटी करायचे ठरवले. पण ज्यांचे दूध या साखळीबाहेरच्या संघांना किंवा खासगी डेअऱ्यांना जात होते, त्यांच्या हाती 17 ते 20 रुपयेच पडत होते. जुलै-ऑगस्टमध्ये किसान सभा, स्वाभिमानी शेतकरी संघटना आणि विरोधी पक्ष रस्त्यावर उतरले. अनुदान डेअरीला नको, शेतकऱ्याच्या खात्यावर द्या, ही आंदोलनातली प्रमुख मागणी होती. मागणीच्या मुळाशी दराइतकाच हिशेबाचा प्रश्न होता: सरकार 25 रुपये देते, मग गोठ्यापर्यंत किती आले हे कुणाला ठाऊक? जानेवारी 2024 मध्ये लिटरला 5 रुपयांचे अनुदान जाहीर झाले, तेव्हा ते थेट खात्यावर देण्याची आणि जनावराच्या कानातल्या बिल्ल्याशी जोडण्याची अट घातली गेली. डेअऱ्यांना शेतकऱ्यांची माहिती भरावी लागली. भरण्यात उशीर झाला तिथे अनुदानही लांबले.

2020 मध्येच आभाळही फाटले. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने कोकणातल्या बागा झोपवल्या, पुणे जिल्ह्यातल्या मावळ, मुळशी, जुन्नर भागातही नुकसान केले. ऑक्टोबरमध्ये काढणीला आलेले सोयाबीन, कापूस, भात पाण्यात गेले. 23 ऑक्टोबरला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी 10 हजार कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यातले शेती आणि घरांच्या नुकसानीसाठी सुमारे 5,500 कोटी होते; उरलेले रस्ते-पूल, पाणीपुरवठा, वीज, नगरविकास यांसाठी. शेतकऱ्याला मिळणारा दर होता जिरायत-बागायतीसाठी हेक्टरी 10 हजार आणि फळपिकांसाठी हेक्टरी 25 हजार, दोन हेक्टरच्या मर्यादेत. केंद्राच्या तेव्हाच्या निकषानुसार जिरायतीला हेक्टरी 6,800 च मिळत होते.

हे आकडे एका खातेदारापुरते करून पाहिले की त्यांचे खरे माप कळते. 40 आर जिरायतीतले सोयाबीन गेले, तर राज्याच्या वाढीव दराने 4,000 रुपये. केंद्राच्या निकषाने 2,720. तेही नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त असल्याचे पंचनाम्यात आले तर. पंचनाम्यात 40 ऐवजी 20 आर लिहिले गेले, तर मदत निम्मी. म्हणून त्या नोंदीवरची एकेक ओळ शेतकऱ्यासाठी महत्त्वाची असते.

ती ओळ प्रवासही बराच करते. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामा करतात. गावाची यादी तहसीलला, तिथून जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त आणि मंत्रालयात मदत व पुनर्वसन विभागाकडे जाते. शासन निर्णय निघतो, निधी उलट वाटेने खाली येतो, तहसीलदार बँकेला यादी देतात. त्या वेळी यादीत खातेदाराचे नाव, गट क्रमांक, क्षेत्र, रक्कम, खाते क्रमांक असे रकाने असत. खाते क्रमांकातला एक आकडा चुकला की रक्कम परत. मदतीच्या रकमेतून कर्जवसुली करू नये, असे शासन निर्णयांत बजावलेले असते. त्याची गरज भासते, यावरूनच रस्त्यात कुठे काय अडते ते समजते. 2020 च्या पॅकेजचा पहिला टप्पा दिवाळीच्या तोंडावर निघाला, दुसरा जानेवारी 2021 मध्ये.

पीकविम्यात 2020 च्याच खरिपाने न्यायालय गाठले. नुकसान झाल्यापासून 72 तासांत विमा कंपनीला कळवले नाही, म्हणून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या लाखो सोयाबीन उत्पादकांना भरपाई नाकारली गेली. त्या दिवसांत कित्येक गावे पाण्याने वेढलेली होती. सरकारी यंत्रणेने केलेले पंचनामे मात्र हातात होते. मे 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 3,57,287 शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला. सरकारी दप्तरात जे नोंदले गेले होते, तेच शेतकऱ्यांच्या कामी आले.

आता दुसरी बाजू: ज्यांना मिळायला नको होते, त्यांना मिळालेला पैसा. पीएम-किसानमध्ये प्राप्तिकर भरणारे आणि ठरावीक रकमेवर निवृत्तिवेतन घेणारे अपात्र आहेत, पण सुरुवातीला सगळा भरवसा स्वयंघोषणेवर होता. कॉमनवेल्थ ह्युमन राइट्स इनिशिएटिव्हचे व्यंकटेश नायक यांनी माहिती अधिकारात मिळवलेली आकडेवारी जानेवारी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली: जुलै 2020 पर्यंत 20 लाख 48 हजार अपात्रांना 1,364 कोटी रुपये गेले होते. निम्म्याहून अधिक प्राप्तिकरदाते होते. सहा महिन्यांनी, जुलै 2021 मध्ये सरकारने संसदेत दिलेला आकडा 42 लाख 16 हजार अपात्रांचा आणि 2,992 कोटींचा होता. त्यात महाराष्ट्रातले 4 लाख 45 हजार जण आणि 358 कोटी रुपये. तमिळनाडूत तर 2020 च्या टाळेबंदीत नोंदणी सोपी केल्याचा फायदा घेऊन दलालांनी शेतकरी नसलेल्यांची नावे घुसवली. साडेपाच लाख बोगस लाभार्थी आणि 110 कोटी रुपये, असा तो प्रकार सप्टेंबर 2020 मध्ये उघड झाला. 2025 मध्ये लोकसभेत सांगितल्यानुसार अपात्रांकडून देशभरात वसूल झाले 416 कोटी.

पुणे जिल्ह्याने या योजनेत तक्रार निवारणासाठी केंद्राचा पुरस्कार मिळवला, आणि तेव्हाच्या अहमदनगरने प्रत्यक्ष तपासणीसाठी. पण याच सुमारास योजनेचे काम नक्की कुणाचे, यावरून महसूल आणि कृषी खात्याच्या कर्मचाऱ्यांत वाद पेटला. तलाठी आणि तहसील कर्मचाऱ्यांनी कामावर बहिष्कार घातला. तक्रार घेऊन आलेल्या शेतकऱ्याला तहसील कृषी कार्यालयात पाठवी आणि कृषी कार्यालय तहसीलमध्ये. 2023 मध्ये कामाची वाटणी नव्याने झाली, तोवर किती नावे अडकून पडली असतील ते त्या त्या तालुक्यालाच माहीत.

अपात्रांना गाळण्यासाठी जी चाळण लावली, तिच्यात पात्रही अडकले. ई-केवायसी आणि जमिनीच्या नोंदीची जोडणी सक्तीची झाली. मे 2022 च्या हप्त्यावेळी सरकारने 10 कोटींहून अधिक शेतकऱ्यांना 21 हजार कोटी दिल्याचे सांगितले; ऑक्टोबर 2022 च्या हप्त्यावेळी आकडा 8 कोटींहून अधिक आणि 16 हजार कोटींवर आला. गळालेल्यांपैकी किती अपात्र होते, किती मयत, आणि कितींचा फक्त अंगठा उमटला नाही किंवा आधार दुसऱ्याच बँक खात्याशी जोडलेला होता, याचा गावनिहाय तपशील लोकांसमोर आला नाही. कसणाऱ्याच्या नावावर सातबारा नसेल, तर तो यादीत येतच नाही. वाट्याने शेती करणारे, आदिवासी कसणारे आणि नवऱ्याच्या नावावरच्या जमिनीत राबणाऱ्या बाया यांचा प्रश्न यादीच्या अलीकडेच संपतो. एप्रिल 2021 च्या दुसऱ्या लाटेत राज्याने फेरीवाल्यांना, बांधकाम कामगारांना आणि परवानाधारक रिक्षाचालकांना प्रत्येकी 1,500 रुपये दिले. तिथेही नोंदणी असेल त्यालाच पैसे मिळाले.

यादी झाकून ठेवली की काय होते, याचे ताजे उदाहरण जालना जिल्ह्यातले. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत 2022 ते 2024 मधल्या अतिवृष्टी अनुदानात बोगस नावे, दुबार नावे, नसलेली किंवा वाढवलेली क्षेत्रे घालून सुमारे 25 कोटींचा अपहार झाल्याचे चौकशीत पुढे आले. 2025 मध्ये तलाठ्यांना निलंबित करण्यात आले, गुन्हे दाखल झाले. ही रक्कम खातेदारांच्या बँक खात्यांवरच गेली होती. म्हणजे थेट खात्यावर पैसे टाकले की गळती थांबते, हा समज अपुरा आहे. खाते खरे असले तरी नाव खोटे असू शकते. गावात कुणाची किती जमीन आहे हे गावाला ठाऊक असते. शिवारात ज्याचा गटच नाही, त्याचे नाव यादीत दिसले तर कुणीतरी बोलतेच. त्यासाठी यादी दिसायला हवी.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 4 नुसार अनुदान योजना कशा राबवल्या, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हे प्रत्येक कार्यालयाने कुणी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करायचे आहे. महाराष्ट्राला हे नवे नाही. केंद्राच्या कायद्याआधीच राज्याने आपला कायदा केला आणि अण्णा हजारे यांच्या उपोषणानंतर ऑगस्ट 2003 मध्ये त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. पुणे महापालिकेने दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अर्जाविना फायली पाहू देण्याची पद्धत पाडली. नोव्हेंबर 2018 मध्ये राज्य सरकारने ती जिल्हा आणि स्थानिक कार्यालयांसाठीही लागू केली. रोजगार हमीच्या कायद्याने सामाजिक अंकेक्षण सक्तीचे केले. राजस्थानने 2019 मध्ये जनसूचना पोर्टल उघडले, तिथे गावनिहाय लाभार्थी घरबसल्या पाहता येतात.

नावे जाहीर केल्याने शेतकऱ्याची खासगी माहिती उघडी पडते, हा आक्षेपही हलका नाही. 2022 मध्ये पीएम-किसानच्या संकेतस्थळाच्या एका भागातून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक दिसत असल्याचे एका सुरक्षा संशोधकाने दाखवून दिले. कर्ज, थकबाकी, फोन नंबर हाती पडले की फसवणूक करणारे दारात येतात. युरोपात हा वाद न्यायालयापर्यंत गेला. काही पत्रकारांनी 2005 मध्ये युरोपीय संघाच्या शेती अनुदानाच्या याद्या मिळवून लोकांसमोर मांडायला सुरुवात केली. पुढे संघाने नावे प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. जर्मनीतल्या दोन लाभार्थ्यांनी त्याला आव्हान दिले आणि नोव्हेंबर 2010 मध्ये युरोपीय न्यायालयाने सरसकट सर्व व्यक्तींची नावे छापणे अवैध ठरवले. संघाने मग 2013 मध्ये मधला मार्ग काढला: मोठ्या रकमा नावासह, अगदी छोटे लाभार्थी नावाशिवाय. अमेरिकेत एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप ही संस्था शेती अनुदानाची नावानिशी सूची चालवते, आणि महामारीतली मदत मोठ्या शेतांकडे किती झुकली हे त्या नोंदींवरूनच मांडता आले.

भारतात मात्र गेल्या काही काळात वारे उलट दिशेने वाहत आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचे कलम 8(1)(ञ) बदलले, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये हा बदल लागू झाला. आधी सार्वजनिक हिताशी संबंध असेल तर वैयक्तिक माहितीही देता येई, आणि जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येत नसे. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच कारण पुरेसे ठरू शकते. लाभार्थ्याचे नाव वैयक्तिकच असते. तहसील कार्यालयाला यादी नाकारायची असेल, तर कारण आयते तयार आहे. कलम 8(2) मधली सार्वजनिक हिताची तरतूद शिल्लक आहे, पण तिच्यासाठी अर्जदाराला अपिलात जावे लागू शकते, आणि 4,000 रुपयांच्या मदतीसाठी माहिती आयोगापर्यंत जाणारा शेतकरी विरळा.

यंत्रणा दरम्यान बदलत गेली आहे. ऑगस्ट 2021 पासून शेतकरी ई-पीक पाहणीत स्वतःच्या पिकाची नोंद करू लागला. पुढे अतिवृष्टीच्या मदतीसाठी यादीत व्हीके नंबर (विशिष्ट क्रमांक) येऊ लागला, तो घेऊन सेवा केंद्रावर ई-केवायसी केली की रक्कम खात्यावर पडू लागली. 15 एप्रिल 2025 पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक आहे. सरकारला शेतकऱ्याबद्दल आता पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक माहिती आहे. शेतकऱ्याला सरकारच्या निर्णयाबद्दल मिळणारी माहिती त्या मानाने वाढलेली नाही.

इथे तीन वेगळ्या गरजा आहेत, आणि त्या एकत्र कालवल्यानेच वाद चिघळतो. शेतकऱ्याला स्वतःची पूर्ण फाइल दिसायला हवी: पंचनाम्यातले क्षेत्र, मंजूर रक्कम, रक्कम कुठल्या तारखेला कुठल्या खात्यावर गेली आणि नाकारली असेल तर कारण काय. गावाला यादी दिसायला हवी: नाव, गट क्रमांक, क्षेत्र, रक्कम, बस्स. आधार, फोन, खाते क्रमांक, कर्जाची थकबाकी यांतले काहीही त्यात नको. आणि राज्याला बेरीज दिसायला हवी: तालुकानिहाय किती मागितले, किती आले, किती वाटले, किती परत गेले, किती अपात्रांकडून वसूल झाले. नाकारलेल्यांची संख्या आणि कारणे हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित रकाना आहे, आणि शेतकऱ्याला सर्वांत जास्त लागणारा.

मराठवाड्यातल्या सप्टेंबर 2025 च्या महापुरानंतर 7 ऑक्टोबरला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर केले. रक्कम 2020 च्या तिपटीहून अधिक आहे, आणि वाटपाची साखळी तीच: तलाठी, तहसील, जिल्हाधिकारी, मंत्रालय आणि परत. या पॅकेजच्या गावनिहाय याद्या वर सांगितलेल्या चार रकान्यांत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला, ग्रामसभेत वाचून दाखवायला आणि वगळलेल्यांची कारणे सोबत जोडायला नवा कायदा लागत नाही. कलम 4 अजून जागेवर आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी तालुक्यांना तारीख घालून आदेश देण्याचे काम बाकी आहे.